आवडीचं माहेरपण

आमच्या कापडे गावात आवडी येते आहे हे डोळ्यांआधी कानांना कळायचं. वाडीवरून खाली उतरताना तिचं तोंड पायांच्या चार पावलं पुढे असायचं. वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचं, कुणी भेटलं नाही तर कोंबडीशी, कोंबडीही नसली तर पावसाशी. पावसाला तर ती दिराला बोलावं तसं बोलायची, "आता पुरं रं बाबा, जरा दम खा की!" माझ्या सासूबाई, तुळजाबाई, म्हणायच्या की आवडी मेली तरी तिची जीभ महिनाभर जिवंत राहील.

मी महाडची. माझं माहेर चवदार तळ्याजवळच्या आळीतलं. तळ्यावरच्या सत्याग्रहानंतर 'हक्क' हा शब्द आमच्या आळीत बोलला जायचा तो दारं लावून. लग्न होऊन मी कापड्याला आले तेव्हा तो शब्द तिथे अजून पोचलाच नव्हता. खाली भातखाचरांच्या कडेला आमचं घर आणि वर डोंगराच्या अंगाला वाडी. वाडीतली घरं कुळांची, पण घराखालची जमीन आमची. घर तोलणाऱ्या लाकडी मेढी त्यांच्या, कारवीच्या भिंतींचे कूड त्यांचे, वरचं गवत त्यांचं. मालकाच्या मनात आलं आणि 'ऊठ' म्हणाला की सगळं उचलून चालू पडायचं. रिवाजाला कारण विचारायचं नसतं, हे सासरी आल्या आल्याच मला कळलं.

आवडी त्या वाडीत एकटी राहायची. आई तिला जन्म देताना गेली, बाप पुढे दोन पावसाळ्यांत गेला. पोलादपूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या चुलत्याने तिला वाढवली आणि लवकरात लवकर उजवून टाकली. नवरा सहदेव मुंबईला गोदीत होता. जाण्याआधी त्याने स्वतः कारवी तोडून ते घर उभं केलं होतं आणि मधली मेढ खांद्यावरून वाहून आणली होती. मानमोडीच्या साथीत तो मुंबईतच गेला. गावच्या माणसाबरोबर त्याची घोंगडी तेवढी परत आली. मूलबाळ नव्हतं. "दुसरं घर कर" असं चारजणांनी सांगितलं तेव्हा आवडी म्हणाली, "ह्ये पहिलंच अजून सारवून संपलं नाय." ती तिथेच राहिली, आमची खाचरं कसत राहिली. नवऱ्याची आठवण आली की मेढीला पाठ लावून बसायची, असं तिनेच मला पुढे सांगितलं.

आता मुद्द्याचं. अडतीस सालच्या शिमग्याला मुंबईहून आलेली पोरं नवीनच बोलू लागली. म्हणे कौन्सिलात कुळांसाठी कायदा आणायचं चाललंय. मालकाला मनात येईल तेव्हा कुणाला उठवता येणार नाही. जे कूळ खंड न पडता राहत आलं त्याला तिथून हलवायचं नाही. मसुद्यात आणखी काय काय होतं देव जाणे, आमच्या खोऱ्यात पोचलं ते एवढंच. पण तेवढ्याने सगळ्या मालकांची झोप उडाली. होळीला बोंब मारणारी कुळं आणि न मारणारे मालक, असा तो शिमगा झाला.

माझे सासरे मालोजीराव, आम्ही त्यांना मामंजी म्हणायचो, ते महाडला वकिलाकडे जाऊन आले. वकील हुशार होता. तो म्हणाला, आता कुणाला जबरदस्तीने उठवलंत तर बोभाटा होईल. त्यापेक्षा खंड पाडा. एक पावसाळाभर चूल पेटली नाही आणि दोघांनी तशी साक्ष दिली, की कूळ आपणहून घर सोडून गेलं असं म्हणता येतं. सुरुवात एकट्या बाईपासून करा, तिच्यामागे बोलायला कुणी नसतं.

मामंजी दुष्ट नव्हते. दुष्ट माणसाला लागते तेवढी हिंमतसुद्धा त्यांच्यात नव्हती. चोरी करताना पकडलेल्या गड्यालाही ते "तुला बरं नाही वाटत का?" असं विचारायचे. आवडीच्या जागेवर त्यांना काही बांधायचं नव्हतं, पेरायचं नव्हतं. आपली जमीन आपली राहावी, एवढंच वाटायचं. आता एकट्या विधवेला तोंडावर 'ऊठ' कसं म्हणायचं? मग त्यांनी युक्ती काढली, आणि असली युक्ती फक्त भिडस्त माणसालाच सुचते. ते वाडीवर गेले आणि म्हणाले, "आवडे, तुला माहेर नाय. औंदा नागपंचमीला आमच्याकडं माहेराला ये."

कुशाबा तिचा शेजारी. तो सांगायचा की त्या दिवशी पहिल्यांदा आवडीच्या तोंडून शब्द फुटला नाही. ती नुसती मान हलवत राहिली आणि मालक दिसेनासे होईपर्यंत अंगणात उभी राहिली.

लावणी उरकून ती आली ती नागपंचमीच्या आदल्या दिवशी. काखेत गाठोडं, हातात आमच्यासाठी अळूची पानं. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घालूनच पाट मांडला. या वयात ही कुठली नणंद उपटली, असं त्या माझ्या कानात म्हणाल्याच होत्या. तोवर आवडी आमच्या ओटीच्या पुढे कधी आली नव्हती. आत स्वयंपाकघरात आली ती भिंतीला चिकटून उभी राहिली. सासूबाईंनी वाढलेलं ताट पुढे सरकवलं, तर म्हणाली, "आज मी जेवणार नाय, वैनी."

"का गो? आमच्या घरचं चालत नाय?"

"भावाचा उपास हाय."

नागपंचमीच्या आदल्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात, ते आम्हाला काय नवं होतं! पण सासूबाईंनी विचारलं, "तुला भाऊ कधी झाला?"

आवडी लाजली. "वाडीतल्या समद्या बायका धरतात. मला कुणी नव्हताच, मी आपली दरसाल जेवायची. औंदा मालक म्हणाले माहेराला ये. मंग माहेर म्हटलं म्हंजी भाव आलाच की नाय? त्यांच्या आयुष्यासाठी धरलाय."

मामंजी पलीकडे जेवत होते. त्यांना असा ठसका लागला की मला पाणी घेऊन धावावं लागलं. त्यांनी पाणी घेतलं, पण पुढचा घास काही घेतला नाही. पानावरून उठले आणि बैल बघायला म्हणून गोठ्यात गेले. बैल केव्हाचे चरायला गेले होते.

पहिले काही दिवस आवडी गाठोडं उशाला घेऊन दाराजवळ झोपायची, कुणी 'जा' म्हटलं तर लगेच निघता यावं म्हणून. पहाटे उठून अंगण झाडायची. सासूबाई तिच्या हातून झाडू काढून घ्यायच्या. "माहेरवाशीण आहेस ना? मग लोळ की जरा!" त्यांना मुलगेच, लेक नव्हती, नणंद नव्हती. कुणाचे लाड करायची संधी त्यांना देवाने दिलीच नव्हती, आणि आता मिळाली तेव्हा त्या सुटल्याच. आवडीच्या केसांना तेल लावायला बसायच्या तर तास तास उठायच्या नाहीत. दोघींच्या गप्पांत मला, घरच्या सुनेला, कुणी विचारीना.

आणि आवडी? तिने नणंदेचा हक्क असा काही वसूल केला की विचारू नका. "वैनी, भाजी अळणी झाली." "वैनी, सुनेला किती राबवतेस, माझ्याकडं दे तिला." आंब्याला बांधलेल्या झोक्यावर बसली तर उतरेचना, आणि झोका वर गेला की ओरडायची, "दादा, बगा, तुमची बहीण चालली वर!" तोवर 'मालक' होते त्यांचं 'दादा' कधी झालं ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. गौरीला फुगडी घालताना ती धपकन पडली आणि पडल्या पडल्या इतकी हसली की सासूबाईंनाही हसू आवरेना. मला तेव्हा वाटलं, माझ्या खऱ्या माहेरीसुद्धा माझं इतकं कौतुक झालं नाही. थोडा हेवाही वाटला.

मधूनमधून मात्र ती वर डोंगराकडे बघत बसायची. "घराला धूर लागला नाय. पावसात चूल पेटली नाय तर वाळवी मेढ खाती. दादा, एक दिस जाऊन चूल पेटवून येते." मामंजी म्हणायचे, ओढ्याला पाणी आहे. ओढा उतरला तर म्हणायचे, आता गौरी आल्या. गौरी गेल्या तर पितृपक्ष लागला. पितृपक्षात का कुणी माहेरवाशीण पाठवतं? मग घट बसले. शास्त्राने बाकी मामंजींना त्या वर्षी पुरेपूर साथ दिली. आवडी म्हणायची, "काय माया गो ह्या मानसाची, सोडवतच नाय त्याला." मामंजी अशा वेळी तिच्याकडे न बघता बाहेर जायचे.

नवरात्रातच कुशाबा आमच्या मागच्या दाराशी आला. आवडी तेव्हा खाचरावर गेली होती. तो उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला आणि मुंडासं हातात घेऊन सासूबाईंना म्हणाला, "वैनी, मला मालकांनी महाडला वकिलाकडं बोलावलंय. आवडी घर सोडून गेली, पावसाळाभर चूल बंद हाय, असं सांगायचं. म्हंजी कायदा आला तरी घर तिचं नाय. मी मालकांचा कूळ, मला नाय म्हणता येत नाय. पण माजी जीभ उचलत नाय. तुमीच सांगा, बोलू का?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांचा हात सुपातच राहिला. मग सूप बाजूला सारून म्हणाल्या, "तू घरी जा. तुला ताप आलाय." कुशाबा म्हणाला, "नाय वैनी, ताप नाय." "आलाय म्हणते ना!" तेव्हा कुठे त्याला कळलं, आणि तो ताप घेऊन घरी गेला.

नवऱ्याशी त्या भांडल्या नाहीत. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी कासार बोलावून त्यांनी विधवा आवडीच्या हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या भरायला लावल्या. कासार घुटमळला तर म्हणाल्या, "माहेरवाशिणीला माहेरी विधवा कोण म्हणतं? भर." कोरं लुगडं नेसवलं, नारळ-तांदळाने ओटी भरली. मग ओटीवर बसलेल्या मामंजींसमोर जाऊन म्हणाल्या, "मला कुशाबानं सांगितलंय. आता माझं ऐका. बहीण म्हणून आणलीत, तिनं तुमच्यासाठी उपास धरला. माहेरवाशीण भावानं पोचवायची असते, आणि पोचवायची ती नांदत्या घरी. थंड चुलीच्या घरात पाठवलीत तर ते पाप माझ्या पोरांना लागंल. उठा."

मामंजी उठले. मी खापरात आमच्या चुलीतला विस्तव घेतला आणि आम्ही चौघं वाडीची वाट चढलो. आवडी नवं लुगडं सावरत पुढे, सारखी मागे वळून बोलत.

अंगणात पोचली आणि गप्प झाली. मागचा कूड पडला होता. गवत कुजून छपराला पोक आलं होतं. मधल्या मेढीवर वाळवीची माती कमरेइतकी चढली होती. आवडी आत गेली, मेढीवरची माती बोटाने खरवडली, आणि तिथेच खाली बसली. रडली नाही.

मामंजी दारात उभे होते. म्हणाले, "आवडे, ह्ये माझ्यामुळं झालं."

"तुमच्यामुळं कसं, दादा? पावसामुळं झालं," ती म्हणाली. "पावसाला का बहीण-भाव कळतं?"

मग मी ते पाहिलं जे कापड्यात आधी कुणी पाहिलं नव्हतं. मामंजींनी पागोटं काढून माझ्या हातात दिलं, कुशाबाच्या घरातून कोयता मागून घेतला आणि ते कारवी तोडायला डोंगरात शिरले. हाताला सवय नाही. पहिल्याच घटकेला तळव्याला फोड आले. पण परत आले ते मोळी खांद्यावर घेऊन. ते बघून सगळी वाडी धावली. वाळवी खरवडल्यावर आतली मेढ अर्धी शाबूत निघाली. तिला दुसरं लाकूड जोडून उभी ठेवली. सासूबाईंनी विस्तव चुलीत घातला. अंधार पडायच्या आत घरातून धूर निघाला.

महाडच्या वकिलाकडे मामंजी पुन्हा गेले नाहीत. मला वाटलं, गोष्ट इथेच संपली.

भात झोडून झाल्यावर, थंडीत, मामलेदार कचेरीतून सर्कलसाहेब आले. कायदा येण्याआधी कुणाच्या जमिनीत कोण कधीपासून आहे याची तोंडी चौकशी करायची होती. गावदेवीच्या देवळात ते बसले, बाजूला घोंगडीवर मालक मंडळी, समोर वाडीची माणसं. मी साहेबांसाठी चहा घेऊन गेले होते. वाडीची माणसं एकेक करून पुढे होत, मालकाकडे न बघता 'कूळ' म्हणून नाव सांगत आणि घाईघाईने मागे सरत. आवडीची पाळी आली. ती ते माहेरचं लुगडं नेसून आली होती. कुशाबाने मागून ढोसलं, "कूळ म्हण, कूळ."

"कशाला म्हणू?" आवडी मोठ्याने म्हणाली. "साहेब, मी कूळ नाय. ह्यो मालोजीदादा माझा भाव हाय. भावाच्या जागंत बहीण ऱ्हाते, तिला कुणी कूळ म्हणतं का?"

"म्हणजे तुमचा या जागेवर हक्क काही नाही?"

"हक्क कशाला पायजे, साहेब? भाव हाय ना!"

साहेबांनी खांदे उडवले. पुढच्या माणसाला हाक मारायची तेवढी बाकी होती. जे मिळवायला मामंजींनी पावसाळाभर खटाटोप केला होता, ते आवडीने भर देवळात स्वतःच्या हाताने त्यांच्या ओंजळीत टाकलं होतं. त्यांनी फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसणं त्यांना जन्मभर जमत आलेलं.

ते उठले. "साहेब, ती माझी बहीण नाय. कूळ हाय."

आवडी हसली. तिला वाटलं दादा थट्टा करतायत.

"नवऱ्याच्या वेळेपासून कूळ हाय. कधी खंड नाय पडला. लिहा."

साहेब म्हणाले, "मालक, मागच्या पावसात तिचं घर बंद होतं असं कानावर आहे. तुमच्याकडे राहत होती म्हणे."

मामंजींनी एकदा आवडीकडे पाहिलं. मग मान वळवली आणि म्हणाले, "कामाला आणली होती. मालक कुळाला कामाला आणतो, त्यात काय नवीन? लिहा तुमी, कूळ."

आवडीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं होतं, काढून घ्यायला कुणी सांगितलं नाही म्हणून राहिल्यासारखं. मग तिने पदर डोक्यावर ओढला, साहेबांना हात जोडले, मामंजींनाही जोडले. "व्हय, मालक," म्हणाली, आणि माणसांतून वाट काढत बाहेर गेली.

घरी येताना मी सासऱ्यांशी बोलायची रीत सोडून बोलले. "मामंजी, बांधावरच्या दगडालाही कुणी असं बोलत नाही. काय केलंत हे?"

ते चालत राहिले. मग म्हणाले, "सूनबाई, भाऊ मेला की माहेर संपतं. मी आज हाय, उद्या नाय. तुझा नवरा माझ्याच पोटचा हाय, मी त्याला वळखतो. आत्याला उठवताना त्याला कोण अडवणार? कुळाला उठवताना कायदा तरी आडवा येईल."

मी म्हटलं, मग मी आजच वाडीवर जाऊन तिला सांगते. "नको," ते म्हणाले. "कळलं तर पळत कचेरीत जाईल आणि साहेबाला पुन्हा सांगंल, बहीणच हाय म्हणून. आवडी हाय ती. मी असेपर्यंत सांगू नको."

आवडी त्यानंतरही खाली यायची. मक्त्याचं, मालकाच्या वाट्याचं भात आणून घालायची, सासूबाईंनी बोलावलं तर यायची, पण ओटीच्या पुढे नाही. बांगड्या तिने काढून ठेवल्या होत्या. "आत ये गो," म्हणून सासूबाई रडकुंडीला येत, ती म्हणायची, "हितंच बरं हाय." मामंजी समोर आले की उठून उभी राहायची. "मालक, पेंढा कुठं रचू?" "मालक, येते मी." मामंजी "हां" म्हणायचे.

पुढच्याच पावसाळ्यात मामंजी गेले. तेराव्याच्या जेवणाची पानं उचलायच्या आत आमचे हे, मुंबईला गिरणीच्या हापिसात असलेले, भावकीला सांगत होते, "वाडीवरचा तो म्हातारीचा प्लॉट पहिला खाली करून घेऊ. बहीण-बिहीण सगळं बाबांबरोबर खतम." तलाठ्याने मान हलवली. "ती कूळ म्हणून लागलीय. तुमच्या वडिलांनी सर्कलसमोर स्वतः सांगितलंय, खंड नाही म्हणून. आता कायदा येतोय, हात लावू नका."

मी भांडी तशीच टाकली आणि भर पावसात वाडीवर गेले. आवडी मागचा कूड लिंपत होती, तोच, मामंजींनी उभा केलेला. तिच्या शेजारी बसून मी सगळं सांगितलं. वकिलाचं सांगितलं, खोट्या माहेराचं सांगितलं, देवळातून येताना वाटेत ते काय बोलले ते सांगितलं, आणि तेराव्यालाच आमचे हे काय म्हणाले तेही सांगितलं. काही लपवलं नाही.

तिचे शेणाचे हात कुडावर तसेच टेकलेले राहिले. पाऊस जोरात होता; मला वाटलं, तिला ऐकू आलं नसावं.

"म्हंजी बहीण मानलंन् त्यानं," ती म्हणाली.

"हो, आत्या."

आवडीने कुडाला कपाळ लावलं आणि मोठ्याने रडू लागली, सख्खा भाऊ गेल्यावर रडतात तशी, नाव घेऊन. बऱ्याच वेळाने हुंदका आवरला तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "मरेपर्यंत मी त्याला मालक म्हटलं गो. आणि त्यो दर येळेला 'हां' म्हणाला."